पापनाशमला अदलाबदल

आईचा फोन आला तेव्हा जननी चाचणीच्या ट्रॅकवर होती. चेन्नईबाहेरच्या एका मोटारींच्या कारखान्यात ती ब्रेक तपासायचं काम करायची. अमुक वेगात ब्रेक दाबला तर गाडी किती मीटरवर थांबते, ओल्या रस्त्यावर किती, उतारावर किती, हे ती पंधरा वर्षं मोजत आली होती. आई कामाच्या वेळात कधी फोन करत नसे. म्हणून जननीने हेल्मेट काढलं आणि लगेच फोन घेतला.

"अप्पांच्या गाडीला पुन्हा चरा पडलाय," कमलाक्षी म्हणाली. "डाव्या दारावर. मार्गळी महिन्यात एक पडला होता, अत्ता हा दुसरा. विचारलं तर म्हणतात, मजला ठाऊक नाही."

"उभ्या गाडीला कोणी घासून गेलं असेल, आई."

"त्या गाडीवर कावळा बसला तरी ह्यांना आतल्या खोलीत कळतं. नि हातभर चरा पडतो तें ठाऊक नाही?" आईचा आवाज खाली आला. "परवा आपल्या डॉक्टरांचं नाव आठवेना त्यांना. वीस वर्षं जातात त्यांच्याकडे. तूं ये. शेजारी बसून बघ ते कसे चालवतात. मी सांगून ऐकायचे नाहीत. तुझं ऐकतील."

जननी बरं म्हणाली, पण त्या दिवशी तिचं कशात लक्ष लागलं नाही. अप्पा शहात्तर वर्षांचे होते. त्यांना गाडी चालवू नका म्हणून सांगायचं, आणि ते आपण सांगायचं, हा विचार जेवतानाही तिच्या डोक्यातून जात नव्हता.

तिचे वडील वेंकटराव आणि त्यांचे मित्र रघुपतीराव दोघेही तंजावूरचे, राजवाड्यामागच्या मराठी गल्ल्यांमधले. दोघांनी पिनांगच्या बंदरात क्रेनच्या देखभालीची नोकरी केली आणि एकोणीसशे एकोणनव्वद साली दोघं एकाच बोटीने, आपापली गाडी बरोबर घेऊन परतले. वेंकटरावांची मर्सिडीज, सायीच्या रंगाची, गोल कडांची, नाकावर तारा असलेली. रघुपतीरावांची व्होल्वो, गडद हिरवी, पट्टीने आखल्यासारखी चौकोनी. त्या दिवसापासून दोघांत एकच वाद चालू होता: कुठली गाडी चांगली? रघुपतीराव मर्सिडीजला सावकाराची तिजोरी म्हणायचे. वेंकटराव व्होल्वोला तालुका कचेरीतलं कपाट म्हणायचे. दोघांच्या बायकांना, मुलांना आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांना दोन्हीकडचे मुद्दे पाठ होते.

आईच्या फोननंतर तिसऱ्याच दिवशी अप्पांचा फोन आला.

"जननी, रघुपतीनं नि मी ठरवलंय. तुलना करायची. नीट, शास्त्रानं. तिरुवैयारुवरून पापनाशम नि तेथून घरी. तूं निकाल द्यायचा. तुझ्यासारखं दुसरं कोण आहे येथें?"

जननीला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. आता वेगळं निमित्त शोधायला नको होतं. वही-पेन घेऊन ती त्यांच्या शेजारी बसेल, गाडीबद्दल लिहितेय असं त्यांना वाटेल आणि ती त्यांच्याबद्दल लिहील.

शनिवारी संध्याकाळी ती घरी पोहोचली. अप्पा अंगणात शिडीवर चढून पिंपाचा कॉक बदलत होते. हात स्थिर, बोलणं खणखणीत. तिने शेडमध्ये जाऊन चरे पाहिले. एक मागच्या दारावर आडवा, दुसरा पुढच्या दारापासून थेट मागच्या चाकापर्यंत. दोन्ही चालत्या गाडीचे होते, उभ्या गाडीला असे चरे पडत नाहीत. हे तिने आईला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला दोन्ही गाड्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. रघुपतीराव पांढरा शर्ट, कपाळावर गंध आणि बाही दुमडून आले. बायको गेल्यापासून ते एकटेच राहायचे. मुलगा प्रणवेश बंगळुरूला होता आणि फोनवर फार काळजी करायचा म्हणून ते त्याला फार काही सांगायचे नाहीत.

"काय गं, न्यायाधीश," ते जननीला म्हणाले, "बापाच्या बाजूनं कौल द्यायचा नाही, सांगून ठेवतों."

"मामा, मी आकडे बघते. माणसं नाही," जननी म्हणाली, आणि खोटं बोलल्यासारखं तिचं तिलाच वाटलं.

ठरलं असं की पापनाशमपर्यंत ज्याने त्याने आपली गाडी चालवायची. तिथे कॉफी घ्यायची, गाड्यांची अदलाबदल करायची आणि परत यायचं. जननी पहिला निम्मा रस्ता अप्पांच्या शेजारी बसली. मर्सिडीज पुढे, व्होल्वो मागे.

तिरुवैयारुचा रस्ता अरुंद, आणि एकामागून एक पूल. पहिल्याच पुलावर समोरून बस आली. जननीचा उजवा पाय आपोआप खालच्या मॅटवर दाबला गेला. अप्पांनी शांतपणे वेग कमी केला, बसला जाऊ दिलं आणि पुन्हा गिअर टाकला. त्यात तिला एकही चूक सापडली नाही. पुढच्या पुलावरही नाही. तिने वहीत लिहिलं: स्टिअरिंगला मध्ये थोडी ढिलाई, खड्ड्यात गाडी सावकाश बसते, उठते. त्याखाली अगदी बारीक अक्षरात: हात ठीक. अंदाज ठीक. आरशात फार बघतात.

हे आरशाचं तिला खटकलं. रिकाम्या सरळ रस्त्यावरसुद्धा ते दर दोन-तीन क्षणांनी वर आरशाकडे बघत होते. घाबरलेला माणूस असं करतो. पंधरा वर्षांत तिने शंभर चालक पाहिले होते.

"अप्पा, मागे काय बघता सारखं?"

"रघुपती येतो कीं नाही, बघतों."

तिरुवैयारुत त्यांनी एकाएकी डावीकडच्या गल्लीत गाडी घातली आणि एका मोबाइलच्या दुकानापुढे थांबवली. दुकानाचं शटर बंद होतं. ते त्या शटरकडे बघत राहिले.

"येथें कॉफी क्लब होता," ते म्हणाले.

"कॉफी पापनाशमला घ्यायची ठरलीय ना, अप्पा?"

त्यांनी दुकानाची पाटी वाचली. मग म्हणाले, "होय. नि हा क्लब गेल्या वर्षीच बंद झाला. मजला ठाऊक होतं तें." त्यांनी गाडी मागे घेतली, कुठे न घासता, एका झटक्यात. पण ते इकडे वळले होते. हे तिने वहीत लिहिलं नाही. लिहायला धीरच झाला नाही.

पुढे नदीकाठचा रस्ता लागला. कापणी संपत आली होती आणि लोकांनी डांबरावरच भात वाळत घातलं होतं, रस्त्याची अर्धी डावी बाजू पिवळी झालेली. कडेला दगड ठेवून सीमा आखली होती. अप्पांनी दुरूनच गाडी उजवीकडे घेतली आणि दाणाही न चिरडता पुढे काढली. मागून बायकांचा ओरडा ऐकू आला. जननीने वळून पाहिलं. व्होल्वोची डावी चाकं भातावरून गेली होती. एक बाई झाडू उगारून उभी होती. रघुपतीराव तसेच चालले होते, जणू ओरडा दुसऱ्या कोणासाठी आहे.

"मामांच्या चाकांचं अलाइनमेंट बिघडलंय वाटतं," जननी म्हणाली.

"तोही तेंच म्हणतो," अप्पा म्हणाले. त्यांनी वेग आणखी कमी केला. मर्सिडीज बैलगाडीच्या चालीने जायला लागली, आणि जननीने वहीत लिहिलं: कारण नसताना फार हळू.

पापनाशमला स्टेशनजवळच्या हॉटेलात तिघं बसले. वडे आले, कॉफी आली. वेटरने रघुपतीरावांचा पेला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. बोलता बोलता त्यांचं कोपर लागलं आणि कॉफी टेबलभर झाली.

"ऐय्यो! कोणी ठेवली येथें?" ते वैतागून म्हणाले. वेटरने टेबल पुसलं. अप्पा टेबलाकडे बघत होते, आणि मग त्यांनी जननीकडे बघितलं. त्या बघण्यात काहीतरी होतं, पण काय ते तिला कळलं नाही.

"माझी गाडी डावीकडं ओढते," रघुपतीराव सांगत होते. "दोन महिने झाले. मेकॅनिकनं दोनदा बघितली, काही नाही म्हणतो. पण ओढते. एवढं सोडलं तर जननी, तिचं स्टिअरिंग बघ. बोटानं वळव. ह्याच्या गाडीसारखं नाही, आज फिरवलं तर उद्या वळते."

"अत्ता कळेल कीं," अप्पा म्हणाले. ते उठले आणि किल्ली मित्रापुढे ठेवली. "जननी, तूं रघुपतीच्या शेजारी बस."

जननी गडबडली. "मी तुमच्याबरोबर येते, अप्पा. व्होल्वोबद्दल अजून काहीच लिहिलं नाही मी."

"तें मी सांगेन. तूं मर्सिडीजमध्येच बस. चालवणारा बदलला तर गाडी कशी वागते, तें बघायला नको?"

"पण—"

"बस म्हटलं तर बस गं."

असं ते तिच्याशी कधी बोलत नसत. तिला वाटलं, त्यांना संशय आलाय. आपल्या नजरेखालून सुटायला बघताहेत. अनोळखी गाडी, एकटे, आणि सकाळची ती बंद शटरपुढची नजर. पण हॉटेलच्या दारात, मामांच्या देखत वाद घालणं तिला जमलं नाही. ती मर्सिडीजमध्ये बसली.

व्होल्वो पुढे निघाली. रघुपतीराव पट्टा लावायला लागले. पट्टा उजव्या खांद्यावरून ओढला, पण डावीकडचं कुलूप त्यांना मिळेना. हात सीटवर चाचपत राहिला. शेवटी जननीने तो अडकवला.

"वेंकटच्या गाडीत सगळं लपवून ठेवलेलं," ते हसून म्हणाले.

आता ते कुंभकोणम-तंजावूरच्या जुन्या रस्त्यावर होते. रहदारी वाढली होती. जननीची नजर पुढच्या हिरव्या गाडीवर खिळली होती. अप्पा कसे चालवताहेत? इंडिकेटर दिला? ट्रॅक्टरला किती जागा सोडली? व्होल्वो सरळ जात होती, रस्त्याच्या मध्यरेषेपासून तितक्याच अंतरावर, दोरी धरल्यासारखी. एकदा अप्पांनी उजवा हात खिडकीबाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण केली. एका हाताने चालवतानाही गाडी सुतभर हलली नाही.

शेजारी रघुपतीराव म्हणाले, "बघितलंस? वेंकटची गाडीपण डावीकडंच ओढते कीं! नि मला सांगतो, माझ्या गाडीत दोष आहे."

जननी हसली. मग तिचं हसू थांबलं.

दोन गाड्या. दोन्हींचं स्टिअरिंग वेगळ्या पद्धतीचं, बांधणी वेगळी, वजन वेगळं. जी डावीकडे ओढते म्हणतात ती व्होल्वो पुढे सुतासारखी सरळ चालली आहे. आणि जी सकाळपासून सरळ चालत होती ती मर्सिडीज आता डावीकडे सरकते आहे. बदललेलं काय? एकच गोष्ट बदलली होती.

तिने खिडकीबाहेर बघितलं. डांबराची कड तिच्या दाराखाली होती. बाभळीच्या फांद्या काचेला लागतील एवढ्या जवळून जात होत्या. डाव्या दारावरचे ते दोन चरे तिला आठवले. भातावरून गेलेली चाकं, सांडलेली कॉफी आणि पट्ट्याचं न सापडलेलं कुलूपही.

"मामा," ती जमेल तेवढ्या शांतपणे म्हणाली, "गाडी जरा बाजूला घ्या."

"कां गं?"

"मळमळतंय मला. थांबवा."

"सेरी, सेरी," म्हणत त्यांनी लगेच गाडी डावीकडे घ्यायला सुरुवात केली. आणि डावीकडे, जननीच्या खिडकीच्या अगदी पुढे, मोपेडवर एक बाई होती. मागे वैरणीचा एवढा मोठा भारा बांधलेला की ती जेमतेम दिसत होती. पण ती दिसत होती. कुणालाही दिसली असती. रघुपतीरावांनी तिच्यावर गाडी घातली.

"मामा! बाई!"

"कुठें?" ते म्हणाले. ते समोर बघत होते, डोळे उघडे, चेहरा शांत.

जननीचा हात सीटांच्या मध्ये गेला. तिथे काही नव्हतं. व्होल्वोत तिथे हँडब्रेक असतो, ह्या गाडीत तो पलीकडे, डॅशखाली, चालकाच्या बाजूला. तिने दोन्ही हातांनी चाक धरलं आणि उजवीकडे ओढलं. गाडी हेलकावली. वैरणीचा भारा दारावर घासत गेला, खसकन आवाज झाला आणि मोपेड दिसेनाशी झाली. रघुपतीरावांचा पाय आता ब्रेकवर पडला होता. गाडी तिरकी होऊन थांबली. मागच्या बसने कर्णा वाजवत वळसा घेतला.

जननी दार उघडून धावली. बाई कडेच्या मातीत बसली होती, भारा तिच्याखाली उशीसारखा आलेला. कोपर सोललेलं, मनगट दुसऱ्या हातात धरलेलं. ती तमिळमध्ये मोठमोठ्याने शिव्या देत होती, आणि तो आवाज ऐकून जननीला हायसं वाटलं, कारण शिव्या देणारं माणूस जिवंत असतं. तिचं नाव वरलक्ष्मी होतं. घरी दोन गाई होत्या आणि ती त्यांच्यासाठी वैरण नेत होती.

व्होल्वो वळून परत आली. अप्पा धावत नव्हते, त्यांना धावता येत नव्हतं, पण ते शक्य तितक्या लवकर आले आणि मातीत गुडघे टेकून वरलक्ष्मीचं मनगट बघायला लागले.

रघुपतीराव गाडीपाशी उभे होते. "ती आली कुठून?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "जननी, खरं सांग, ती आली कुठून? रस्ता रिकामा होता."

जननी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मामा, माझ्या नाकाकडे बघा. नाकाकडेच बघायचं." तिने दोन्ही हात बाजूला पसरले. आधी त्यांच्या उजवीकडचा हात हलवला. "कुठला हात हलतोय?"

"हा."

मग तिने दुसरी बोटं हलवली. त्यांच्या डावीकडची. हलवतच राहिली.

"आता?"

"आता कुठला नाही. हलव कीं."

तिने हात हळूहळू आत आणला. तो जवळजवळ तिच्या नाकापर्यंत आला तेव्हा रघुपतीराव दचकले, जणू तो हवेतून उगवला होता. त्यांनी तिच्या बोटांकडे बघितलं, मग मातीत बसलेल्या बाईकडे. मर्सिडीजच्या बॉनेटला हात टेकून ते तिथेच खाली बसले.

वरलक्ष्मीला आणि त्यांना दोघांनाही व्होल्वोतून तंजावूरला इस्पितळात नेलं. ह्या वेळी जननीने चालवलं. मर्सिडीज रस्त्याकडेला कुलूप लावून ठेवली. ती दर क्षणाला डावीकडे बघत होती.

वरलक्ष्मीच्या मनगटात बारीक तडा निघाला. रघुपतीरावांच्या मेंदूचं चित्र काढलं. तरुण डॉक्टरीण बाईंनी जननीला पडद्यावर एक करडा डाग दाखवला. मेंदूला झटका येऊन गेला होता. तीन-चार महिने झाले असावेत. हातपाय, बोलणं सगळं शाबूत, पण दोन्ही डोळ्यांची डावी बाजू पुसली गेलेली. माणसाला ते स्वतःला कळत नाही, त्या म्हणाल्या. काळोख दिसत नाही. तिथे काही आहे हेच मनाला ठाऊक नसतं. दीपावलीत डोकं फार दुखलं होतं आणि दोन दिवस झोपून काढले होते, हे रघुपतीरावांना आता आठवलं.

बाहेर बाकावर अप्पा बसले होते. जननी त्यांच्या शेजारी बसली.

"चरे मामांनी पाडले," ती म्हणाली.

अप्पांनी मान हलवली. "त्याला वाटायचं, त्याची गाडी बिघडलीय. म्हणून मी माझी दिली. पहिल्या वेळी खांबाला घासली. दुसऱ्या वेळी भिंतीला. मला म्हणाला, कमलाक्षीला सांगू नकोस, ती प्रणवेशला सांगेल, नि तो येऊन किल्ली घेऊन जाईल. मी वचन दिलं."

"आणि मला बोलावलंत."

"मी डॉक्टर नाही. मजला एवढंच कळत होतं कीं दोष गाडीत नाही. मी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, वेंकट, छत्तीस वर्षं माझी गाडी वाईट म्हणतोस, अत्ता मीच वाईट झालों? तुझं त्यानं ऐकलं असतं."

"म्हणून मला त्यांच्या शेजारी बसवलंत." तिचा आवाज चढला. बाकावरच्या लोकांनी बघितलं. "मला सांगितलं असतं तर मी त्यांना गाडीच हातात घेऊ दिली नसती! एक बाई पडली, अप्पा. तिच्या डोक्यावरून चाक गेलं असतं. त्यांना कडेला घ्या म्हणाले ते मीच. मला काय ठाऊक, कडेला घ्या म्हणणं म्हणजे काय!"

अप्पा गुडघे झटकत राहिले. त्यांच्या धोतराला गुडघ्यांवर अजून माती होती.

"चूक झाली," ते शेवटी म्हणाले. "सकाळभर आरशात त्याला बघत आलों. हळू चालवलं, म्हणजे तोही हळू येईल. वाटलं, एवढ्यात निभेल. रस्त्यावर दुसरी माणसं असतात हें मी धरलंच नाही."

जननीला वहीतलं ते बारीक अक्षर आठवलं आणि ती थोडी शांत झाली. मग आता लपवून काही उपयोग नाही असं वाटून तिने सांगून टाकलं.

"मी मामांसाठी आले नव्हते, अप्पा. तुमच्यासाठी आले होते. आईनं बोलावलं. तुम्हाला नावं आठवत नाहीत म्हणून. मी तुलना करत नव्हते, तुम्हाला तपासत होते."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. राग आला नाही त्यांना. हसू आल्यासारखं झालं, मग तेही गेलं.

"तिरुवैयारुतलं बघितलंस तर."

"हो."

"तसं होतं कधी कधी. रस्ता नाही विसरत. पण कुठला दिवस आहे, कोण गेलं, कोण आहे, तें क्षणभर..." त्यांनी हाताने काहीतरी पुसल्यासारखं केलं. "त्या डॉक्टरीण बाईंना विचार. माझंही बघतात कां."

डॉक्टरीण बाईंनी बघितलं. प्रश्न विचारले, घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. निकाल ना इकडचा ना तिकडचा होता. विसरण्याच्या आजाराची सुरुवात असू शकते, वयही असू शकतं. सहा महिन्यांनी पुन्हा या. तोवर दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, कोणीतरी शेजारी असेल तर चालवा. आईला हे फोनवर सांगताना जननीला एकही वाक्य धड पूर्ण करता येईना.

प्रणवेश संध्याकाळी बंगळुरूहून निघाला आणि सोमवारी पोहोचला. त्याच्या वडिलांनी त्याच्या हातात स्वतःच व्होल्वोची किल्ली ठेवली, त्याने मागायच्या आधी. मग ते त्याला घेऊन वरलक्ष्मीच्या गावी गेले. तिचं मनगट जुळेपर्यंत गाईंची वैरण रोज घरपोच येईल, अशी व्यवस्था करून आले. ती आधी एका हाताने गाईंपुढे वैरण टाकत राहिली. मग म्हणाली, आजोबा, डोळ्यांनी दिसत नसेल तर घरी बसा. रघुपतीराव हे सगळ्यांना सांगत होते. आपल्याला कोणीतरी सरळ बोललं, ह्याचं त्यांना बरं वाटलं असावं.

जननीने रजा वाढवली. मंगळवारी ती आणि अप्पा जाऊन मर्सिडीज घेऊन आले. डाव्या बाजूला आता तिसरा चरा होता, वैरणीच्या काड्या दाराच्या फटीत अडकलेल्या. अप्पांनी त्या एक एक करून काढल्या. परत येताना त्यांनी चालवलं आणि ती शेजारी बसली. उजवा पाय मॅटवर दाबायची सवय तिला मोडता आली नाही. त्यांनी ते बघितलं आणि वेग जरा कमी केला.

बुधवारी दुपारी तिची चेन्नईची आगगाडी होती. स्टेशन घरापासून फार लांब नाही. इतकी वर्षं तिला सोडायला अप्पाच जात आले होते. आईने डब्यात दहीभात भरला. जननीने बॅग बाहेर आणली आणि शेडच्या दाराशी थांबली.

अप्पा किल्ली हातात घेऊन आले. गाडीकडे बघितलं. मग किल्ली पुन्हा खिशात टाकली.

"आज नको," ते म्हणाले. "रात्री झोप नाही नीट झाली. ऑटो सांग."

हेच ऐकायला ती आली होती. आता ऐकलं तर ती बॅग टाकून त्यांच्याजवळ गेली. "बरं वाटत नाही का? डोकं दुखतंय? इथे दुखतंय?" तिने एका दमात विचारलं.

"काही नाही गं. झोप नाही, एवढंच."

तिने त्यांचा चेहरा न्याहाळला, डोळे, ओठांचे कोपरे. काही वेगळं दिसत नव्हतं. आई उंबऱ्यात येऊन उभी होती आणि तीही तेच बघत होती.

ऑटो आला. जननी म्हणाली, मी जाईन एकटी, तुम्ही पडा जरा. पण अप्पा आधीच आत चढून बसले होते आणि बॅगेसाठी पाय आवरून घेत होते.

"स्टेशनपर्यंत येतों कीं," ते म्हणाले. "मला कोण चालवायला सांगतंय!"

ऑटो निघाला. अप्पा चालकाच्या खांद्यावरून रस्ता बघत होते. बाजारापाशी डावीकडून एक सायकल आली तेव्हा त्यांनीच आधी तमिळमध्ये "पार्थु, पार्थु", बघून चालव, म्हणून ऑटोवाल्याला सावध केलं. जननीने त्यांच्या हातावर हात ठेवला. तो गार होता की तिचा स्वतःचाच, ते तिला कळलं नाही. तिने तो स्टेशन येईपर्यंत तसाच धरून ठेवला.